धरपकडीचे सोपे नियम

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. एरवी मी नुसता नमस्कार लिहितो, या वेळी साष्टांग लिहिला, कारण पाठीत चमक भरल्यामुळे मी तसाही पालथाच पडलेला आहे आणि आठही अंगं आपोआप गादीला टेकलेली आहेत. अक्षर वाकडंतिकडं आलं तर दोष माझा नाही, उशीचा आहे. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? सकाळचं फिरणं चालू आहे ना, आणि बागेत व्यायाम करणाऱ्या अनोळखी माणसांना थांबवून त्यांचं काय चुकतंय ते अजून दाखवतेस ना? (दाखवत राहा. त्यांना काय वाटायचं ते वाटो, तुझी प्रकृती त्यावरच टिकून आहे.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, घरातलं वातावरण काही बरं नाही. मी मात्र भयंकर खुशीत आहे. मी एक शोध लावलाय, आणि तो कळेल अशी आपल्या अख्ख्या खानदानात तू एकटीच आहेस. मुलींच्या शाळेत जन्मभर कुस्ती शिकवलेली आणि पंच म्हणून शिट्टी फुंकलेली आत्या किती जणांच्या नशिबी असते?

तर, आमचा रविवारचा खेळ. मागच्या खेपेस तू आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीचं दार उघडलंस तेव्हा आम्ही चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून, 'आता तुझ्या अंगावर वटवाघळं येतात' असं एकमेकांना गंभीरपणे सांगत होतो, आणि तू दार पुन्हा लावून घेतलंस. त्या दार लावण्यात काय काय होतं ते मला कळलं. पण आत्या, खेळ अगदी साधा आहे. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. मी सूत्रधार, म्हणजे मी सांगायचं की समोर गुहा आहे, गुहेत अमुक जनावर आहे. मग पात्रांनी सांगायचं की आम्ही असं असं करतो. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. हिचं, म्हणजे तुझ्या सुनेचं पात्र चेटकीण आहे. (मी सुचवलेलं नाही. तिनेच निवडलं.) दुकानाच्या वरच्या मजल्यावर गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहतात, त्यांना आम्ही गाणेबाई म्हणतो. त्या आयुष्यात कधी रांग मोडून पुढे गेल्या नसतील, पण खेळात त्या अट्टल चोर आहेत आणि इतक्या मनापासून चोऱ्या करतात की खेळ संपल्यावर मी चष्म्याच्या फ्रेमा एकदा नजरेखालून घालतो. आणि चौथा हिचा थोरला भाऊ.

हिच्या भावाला तू आमच्या लग्नात पाहिलंयस, पण ऐकलं नसशील, कारण तो बोलत नाही. प्लंबर आहे, हात सोन्याचे आहेत, आणि तोंडात एकच शब्द आहे, 'बरं'. लग्नाच्या बोलणीत तो बरं म्हणाला, आमची मुलगी झाली तेव्हा बरं म्हणाला, मी त्याला एकदा ओळखीतलं कुणी वारल्याचं सांगितलं तेव्हाही बरं म्हणाला आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. एवढी वर्षं आमचं नातं त्या एका शब्दावर चाललं होतं. मला वाटायचं, मी त्याला पसंत नाही. हीसुद्धा कधीकधी डोळ्यांत पाणी आणून म्हणायची की दादा तुमच्याशी बोलला असता तर किती छान झालं असतं. आणि मग एका रविवारी खेळाला चौथं माणूस हवं म्हणून तिने त्याला ओढून आणलं, त्याने महाकाय नावाचं एक धिप्पाड पात्र घेतलं, आणि आत्या, त्याला कंठ फुटला. महाकाय बोलतो. महाकाय आरोळ्या ठोकतो. एकदा एका बंद दारापुढे उभं राहून महाकायाने इतकं तळमळून भाषण केलं की मी ते दार फासा न टाकताच उघडून दिलं. खेळ संपला की तो आपली अवजारांची पिशवी उचलतो आणि बरं म्हणून निघून जातो. पण तो बरंसुद्धा आता वेगळा यायला लागला होता. मी रविवारची वाट बघायला लागलो होतो, हे तुला खरंखुरं सांगतो.

आता दोष कुणाचा ते ऐक. दोष नियमांच्या पुस्तकाचा. जाडजूड पुस्तक आहे. त्यात समोरच्याला तलवारीने मारायचं असेल तर एक ओळ पुरते. त्याच्यावर आग सोडायची असेल तर दोन. पण त्याला मारायचं नाही, जाळायचं नाही, नुसतं धरायचं आहे, असं कुणी म्हणालं की चार पानांचं प्रकरण उघडावं लागतं. धरणारा केवढा, धरला जाणारा केवढा, जमीन ओली की कोरडी, अंगावर कपडे किती, आणि 'प्रतिस्पर्ध्यास दोनांहून अधिक हात असल्यास पुढील तक्ता पाहावा'. पुढचा तक्ता पाहिला की तो मागच्या तक्त्याकडे पाठवतो. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात तसं. त्यामुळे आमच्यात एक अलिखित समजूत होती की कुणी कुणाला धरायचं नाही. भुतांना ठार मारायचं, पण मनगट धरायचं नाही. तू म्हणायचीस ना, की मारणं सोपं असतं आणि धरून ठेवणं अवघड, म्हणून कुस्ती शिका. तेव्हा मी कंटाळून जांभया द्यायचो, आता ते वाक्य दुकानात टांगावंसं वाटतंय.

तर त्या रविवारी असं झालं. जमिनीखालचं भुयार, खाली काळंभोर पाणी, पाण्यात अनेक हातांचं एक जनावर. चेटकिणीचा पाय घसरला आणि ती कडेवरून लोंबकळायला लागली. महाकायाने तिचं मनगट धरलं. जनावराने तिचा पाय धरला. दोन्हीकडून धरपकड. मी चार पानं उघडून बसलो, एक बोट पहिल्या तक्त्यावर, एक तिसऱ्यावर, पेन्सिल दातांत. बाजूच्या भिंतीत एक लोखंडी जाळी होती, गंजलेल्या बोल्टने बंद केलेली, तीतून बाहेर पडता आलं असतं. पण तिचा विचार करायला माझ्याकडे बोट उरलं नव्हतं. तेवढ्यात महाकाय म्हणाला, "मी पकड काढतो."

मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. मी मान हलवली, 'धरणाऱ्याने पकड काढून घेतल्यास' या कलमाखाली बघितलं, फासा टाकला, आणि जाहीर केलं की चेटकीण अंधारात खाली गेली. (सूत्रधाराने आवाज जरा खोल काढायचा असतो. मी तो काढला. नको होता काढायला.) गाणेबाईंचा हात तोंडावर गेला. आणि हिचा भाऊ माझ्याकडे बघत राहिला, महाकायासारखं नव्हे, स्वतःसारखं. मग उठला, पिशवी घेतली आणि अगदी हळू म्हणाला, "मी तिला सोडलं नसतं."

आणि गेला. बरंसुद्धा म्हणाला नाही.

त्यानंतरचा रविवार त्याच्याशिवाय गेला, म्हणजे खेळ झालाच नाही. मी फोन केला तर उचलून 'बरं' म्हणाला, आणि तो जुना बरं होता, लग्नाच्या बोलणीतला. ही माझ्याशी चष्म्यांपुरतं बोलते. हा माणूस आता पुन्हा खिडकीबाहेर बघत बसणार आणि आपण पुन्हा कधी त्याचा आवाज ऐकणार नाही, या विचाराने माझं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला मी दूरच्या नंबराच्या जागी जवळचा घालून दिला, तो बिचारा पायरी शोधत उभा राहिला. मी खूप विचार केला आणि निष्कर्ष काढला की 'मी तिला सोडलं नसतं' याचा अर्थ, नियम धड असते तर सोडायची वेळच आली नसती. चार पानांनी घात केला. तेव्हा ही चार पानं फाडून टाकायची आणि धरपकडीचे नवे, सुटसुटीत, एका पानात मावतील असे नियम मी स्वतः लिहायचे.

नियम लिहायचे तर प्रयोग हवेत. गाणेबाई लगेच तयार झाल्या. (त्यांच्या शिकवण्या दुपारी नसतात, आणि त्यांना चोरीखेरीज इतरही गुन्हे करून बघायचे होते.) दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून काउंटर आणि डोळे तपासायच्या तक्त्याच्या मधल्या जागेत आम्ही उभे राहिलो. आधी जुना नियम. मी बाईंचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने पुस्तक चाळायला लागलो. माझा हिशेब होऊन, 'पकड यशस्वी' असं जाहीर करेपर्यंत बाई सुटल्या होत्या, खुर्चीत बसल्या होत्या आणि काचा पुसायचं फडकं घेऊन आपला चष्मा पुसत होत्या. पुस्तकाप्रमाणे त्या अजून माझ्या तावडीत होत्या. यावरून पहिला नियम मिळाला: धरायचं असेल तर दोघांनी एकेक फासा टाकायचा, ज्याचा आकडा मोठा त्याचं खरं. तक्ता नाही, हिशेब नाही. पुढच्या प्रयोगात मी त्यांना धरून तसाच उभा राहिलो तर मला खोकला आला तरी तोंडावर हात नेता येईना. दुसरा नियम: धरलेला जागचा हलत नाही, पण धरणाराही हलत नाही. तू हे वर्षानुवर्षं सांगत आलीयस, मला माहीत आहे. पण ते स्वतःला अडकवून घेऊन कळण्यात और मजा आहे.

मग बाईंनी मला धरायचं ठरलं. आत्या, बाई दिसायला काडी आहेत, पण उभा जन्म पोरांचे कान धरण्यात गेलाय. त्यांनी माझा हात मागे नेऊन असा काही वर चढवला की मी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ, जी एरवी मलाही वाचता येत नाही, नाक लावून वाचली. आणि पाठीत जी चमक निघाली ती अजून तिथेच मुक्कामाला आहे. मी म्हटलं, सोडा. बाई म्हणाल्या, आधी फासा टाका. फासा कपाटाखाली गेला. नेमक्या त्याच वेळी आमच्या गिऱ्हाईक वकीलबाई तयार चष्मा न्यायला आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि शांतपणे खुर्चीत बसून म्हणाल्या की तुमचं चालू द्या, मला घाई नाही. मी कळवळून आतल्या खोलीकडे ओरडलो, "अगं, पकड काढ, आधी पकड काढ."

ही बाहेर आली. आमच्याकडे बघितलं. काउंटरचा ड्रॉवर उघडला, त्यातून पकड काढली आणि माझ्या नाकासमोर धरून विचारलं, "ही नाकाची. का काडीची देऊ?"

तुला माहीत असेलच, आमच्या धंद्यात पकडीशिवाय पान हलत नाही. नाकावरचे पॅड वाकवायची वेगळी, काड्या सरळ करायची वेगळी. मी दिवसातून पन्नासदा पकड काढतो आणि पन्नासदा ठेवतो. आणि प्लंबरच्या पिशवीत सगळ्यात वर काय असतं? पकड. महाकायाच्या पिशवीतल्या सामानाच्या यादीतही ती पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे, ती मीच लिहून दिली आहे. समोर गंजलेला बोल्ट. एका हातात बहिणीचं मनगट. दुसरा हात मोकळा. आणि तो म्हणाला, मी पकड काढतो. आत्या, त्या वाकलेल्या अवस्थेत, नाकासमोर ती पकड, मागे गाणेबाई, मला जो काही साक्षात्कार झाला तो बसून ध्यान करणाऱ्यांना होत नसेल. तो सोडत नव्हता. तो बोल्ट काढत होता. आणि मी, बहिणीला धरून उभ्या असलेल्या माणसाला, तू तिला सोडलंस असं खोल आवाजात ऐकवलं.

मी हे सगळं तिथेच मोठ्याने सांगितलं. गाणेबाईंनी ऐकता ऐकता माझा हात सोडला. (चमक धरण्याने भरली, पण पाठ पुरती गेली ती सोडण्याने. याचाही नियम करावा का, कळव.) ही ड्रॉवर बंद करून आत निघून गेली. तिला भरून आलं असणार. वकीलबाईंनी मात्र सगळं प्रकरण समजून घेतलं आणि फुकटात सल्ला दिला, की कागदावर एक शब्द नक्की करा आणि त्याखेरीज दुसरा कुठलाही शब्द ग्राह्य धरू नका. तोच माझा तिसरा नियम, आणि सगळ्या पानाचा प्राण: धरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने 'सोडतो' किंवा 'सोडते' असं म्हटल्याशिवाय धरलेलं माणूस सुटलं असं सूत्रधाराला म्हणता येणार नाही. काढतो, घेतो, ढिली करतो, जाऊ दे, बरं, यातलं काहीही चालणार नाही. संशय असेल तर धरलेलंच आहे असं समजायचं. समोरच्याने झटका मारून सुटायचा प्रयत्न करावा, फासा टाकावा, ते वेगळं. पण आपण होऊन सोडणं फक्त त्या एका शब्दाने.

चौथा नियम छोटा आहे, धरलं की ओढायचं, पाडायचं किंवा दाबून ठेवायचं, एका वेळी एकच. पान संपलं. चार पानांचं एक पान झालं आणि खाली समासात चेटकिणीचं चित्र काढायला जागा उरली. आता या नव्या नियमांप्रमाणे बघितलं तर काय निघतं सांग? चेटकीण पडलेलीच नाही. ती लोंबकळतेय. महाकायाने तिला अजून धरलेलं आहे, कारण तो 'सोडतो' म्हणालेलाच नाही. मी सूत्रधार म्हणून तसं जाहीर केलं आणि गाणेबाईंनी टाळ्या वाजवल्या. फक्त त्याच्या हाताशिवाय ती वर यायची कशी, एवढंच राहिलंय.

पान सोबत जोडलं आहे. पंचाच्या नजरेने वाच, शिट्टी कुठे फुंकलीस ते लाल शाईने लिही. बाकी काही मागणं नाही. केवळ तांत्रिक अभिप्रायासाठी त्रास दिला. पाठ सरळ झाली की फोन करीन.

तुझा पालथा भाचा

ता. क. - तांत्रिक अभिप्राय नाही दिलास तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे. तुझ्या न्हाणीघरातला नळ गळत नाही हे मला माहीत आहे, पण तो कृपा करून गळायला लाव. वायसर काढलास की पुरे. मग हिच्या भावाला बोलावून घे, तुला तो नाही म्हणणार नाही. तो नळाखाली बसला की हे पान त्याच्या समोर धर. हातात देऊ नकोस, हातात दिलंस तर बरं म्हणून खिशात घालेल. तिसरा नियम मोठ्याने वाचून दाखव. मी स्वतः जाऊन सांगितलं असतं, पण मी त्याच्या दारापर्यंत गेलो होतो, पाठ दुखत असताना, आणि बेल न वाजवता परत आलो. मला नुसतं बरं ऐकून परत यायचं धैर्य झालं नाही. तुझ्यापुढे त्याला काहीतरी बोलावंच लागेल. तो काय बोलला ते मला शब्दन्‌शब्द कळव. आणि त्याला सांग की ती लोंबकळतेय.

पुन्हा ता. क. - वायसर काढण्याआधी मुख्य नळ बंद कर.

आत्या,

नमस्कार. हे पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला मी थोडं लिहिते. नळ बिघडवू नका, तो चांगला आहे. त्या रविवारी संध्याकाळीच मी दादाकडे गेले होते. त्याला अवजारच म्हणायचं होतं, आणि त्याला राग अजिबात आलेला नाही. मी विचारलं, मग उठून का आलास, तर म्हणाला, "तू खाली गेलीस ना. मला पुढचं ऐकवेना." मला ते तेव्हापासून माहीत आहे. यांना सरळ सांगितलं असतं तर हे ओशाळून गप्प झाले असते आणि खेळ तिथेच संपला असता, म्हणून मी संधीची वाट बघत होते. ड्रॉवरमधून पकड मी मुद्दाम काढली. यांना ती नाकासमोर धरल्याशिवाय दिसत नाही.

परवा रविवारी दादा येणार आहे. यांना माहीत नाही, तुम्हीही कळवू नका. पाठ दुखत असताना हे त्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले, हे मला आत्ता या पत्रातूनच कळलं. माझ्या माहेरच्या माणसासाठी कुणी इतकं धडपडताना मी पहिल्यांदाच बघतेय. दोन दिवस आहेत, तेवढे मला बघू द्या.

तुमची सून